नाना सुर्व्यांचा फवारा

नाना सुर्व्यांविषयी चांगलं लिहा असं मला कोणी सांगितलेलं नाही आणि माझीही तशी इच्छा नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं, ही रीत मला ठाऊक आहे. नानांना जाऊन बरीच वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला ती रीत पाळणं जमलेलं नाही, आता या वयात जमेल असं वाटत नाही. तेव्हा जे आठवतंय ते आठवतंय तसंच लिहितो.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीत एका सरकारी कचेरीत कारकून होतो. माझं गाव लांज्याकडचं. परटवण्याच्या उतारावर यमूमावशींच्या घराची पुढची खोली मला भाड्यानं मिळाली होती. मावशी नात्यातल्या नव्हेत, पण दुसऱ्या दिवसापासून त्या मला जेवलास का विचारू लागल्या, म्हणून मावशी. साठीच्या होत्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा सुरेश डोंबिवलीला एका कंपनीत. मावशींच्या परसाला लागून जांभ्या दगडांचा कमरेएवढा गडगा होता आणि गडग्यापलीकडे नाना राहत. मला हे आधी कळलं असतं तर मी ती खोली घेतली नसती.

नाना पोफळीच्या पावर हाऊसात फिटर होते, तिथून निवृत्त होऊन आलेले. बुटके, काटक, समोरच्या दोन दातांत फट. त्यांचा भाचा मालवाहू जहाजावर होता. तो दर रजेला मामासाठी परदेशी तेलाच्या स्प्रेचे अर्धा डझन पिवळे डबे घेऊन यायचा. वरचं बटण दाबलं की तेलाचा बारीक फवारा उडायचा, आणि गंजलेलं, अडकलेलं, कुरकुरणारं जे काही असेल ते सुटायचं. तेव्हा रत्नागिरीच्या बाजारात असलं काही मिळत नव्हतं. समुद्राची हवा. खिळा ठोकला की तो दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तांबडा होणार. तेव्हा नानांच्या डब्याचं लोकांना किती अप्रूप होतं ते मी नाकारत नाही. डबा शर्टाच्या खिशात उभा, खिसा कायम एका बाजूला ओघळलेला, आणि डब्याबरोबर येणारी लाल बारीक नळी सुतार कानावर पेन्सिल खोचतो तशी कानावर.

तुमच्या घरी आले की नाना आधी बसायचे नाहीत. दार दोनदा उघडून मिटायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. मग डबा काढायचा, खळखळ हलवायचा, आणि फुस्स. परवानगी वगैरे काही नाही. तुम्ही बोलत असलात तरी मध्येच बोट वर करून म्हणायचे, "थांब. कायतरी कुरकुरताय." मग तुमची बायको आजारी असो नाहीतर बदलीची ऑर्डर आलेली असो, ते खाटेखाली शिरलेले असायचे. काम झालं की त्यांचं ठरलेलं वाक्य: "एक फवारा, काम तमाम." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज कोणी म्हटलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

डब्यानं होणारी कामं खरोखरच होती, हेही लिहून टाकतो, म्हणजे मी खोटा ठरायला नको. बोटात रुतलेली अंगठी निघायची. नव्या रस्त्यावरचं डांबर पायाला लागलं तर निघायचं. शिवणयंत्र, छत्रीच्या काड्या, खिडक्यांचे बोल्ट, रेडिओचं बटण, सगळं सुतासारखं चालायचं. शेजारच्या मुलीच्या केसांत फणसाचा चीक अडकला होता, आई कात्री घेऊन बसली होती, तेव्हा नानांनी चीक सोडवला आणि वेणी वाचवली. पण एवढ्यावर थांबेल तो माणूस कसला. ज्यानं बिजागरी सुटते त्यानं जगातलं काहीही सुटेल, अशी त्यांची खात्री होती. आपल्याला माहीत नाही असं या जगात काही आहे, ही शंका त्या डोक्याला कधी शिवली नाही.

माझी सायकल घ्या. कचेरीत जायला मी एक जुनी सायकल घेतली होती. एका सकाळी बाहेर आलो तर नाना गडगा ओलांडून अलीकडे, सायकल उलटी करून बसलेले.

"चेन बोंबलत व्हती तुजी," ते म्हणाले. "म्हटलां, सगळीच करून टाकूया."

सगळीच म्हणजे किती हे मला उतारावर कळलं. चाकाच्या कडांना आणि ब्रेकच्या रबरांना त्यांनी मनापासून तेल पाजलं होतं. मी ब्रेक दाबतोय आणि सायकल माझं ऐकत नाही. खालच्या वळणावर मी एका काजूच्या झाडात घुसलो. पँट गुडघ्यावर फाटली, कोपर सोललं, आणि कचेरीत साहेबांनी वर विचारलं की कोणाशी मारामारी केलीस का. संध्याकाळी लंगडत घरी आलो तर नाना गडग्याला टेकून उभेच.

"पडलो मी, नाना! ब्रेकला तेल लावतात का कोणी?"

"तां सोड," ते म्हणाले. "पळाली कशी, तां सांग. आवाज आला काय एक तरी?"

मी आयुष्यात पहिल्यांदाच वडीलधाऱ्या माणसाला उलट बोललो. त्यांना काही लागलं नाही. ते माझ्या खोलीच्या दाराची कडी ऐकत होते.

आळीतल्याच काशीआत्यांच्या गुडघ्यांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक होती. आत्यांना वाताचा त्रास, ओटीवरून खाली उतरणं मुश्कील. नानांचं म्हणणं, सांधा म्हणजे बिजागरीच, कातडी वर असली म्हणून काय झालं. त्यांनी दोन्ही गुडघ्यांवर फवारा मारला, चोळला आणि वर जुनी लुगडी गुंडाळली. तिसऱ्या दिवशी आत्यांच्या गुडघ्यांवर लाल चट्टे उठले आणि डॉक्टरांनी कानउघाडणी केली. मला वाटलं, आता तरी म्हातारा गप्प बसेल. पण काशीआत्या स्वतःच सांगत सुटल्या की चट्टे उठले खरे, पण दुखणं हललं. आणि नाना त्यांच्या ओटीवर बसून ते गुडघे येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. अशा माणसाला कोण काय समजावणार?

पूर्णगडला त्यांचा मेहुणा होता, छोट्या होडीतून गरीनं, म्हणजे गळानं मासे धरणारा. नाना एकदा तिथे गेले आणि गरीला लावायच्या कोलंबीवरच फवारे मारून आले. मासळी ह्यावर तुटून पडते, असं भाच्यानं जहाजावर कोणाकडून तरी ऐकलं होतं म्हणे. मेहुणा सकाळपासून दुपारपर्यंत खाडीच्या तोंडाशी बसला आणि दोन खेकडे घेऊन परतला. तो पुढे सहा महिने नानांच्या घराकडे फिरकला नाही. मी नानांना मुद्दाम विचारलं, "काय नाना, मासळी आली का तुटून?"

"अडाणी मासळी हाय तिथली," नाना म्हणाले. ते हसत नव्हते.

इथपर्यंत लिहिलेलं वाचून कोणी म्हणेल, विक्षिप्त होता बिचारा, तुम्ही उगाच राग धरलात. तेही खरं मानलं असतं मी. ब्रेकचं मी कधीच विसरलो असतो. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

यमूमावशी दर वैशाखात फणसपोळी करायच्या. परसात बरक्या फणसाची तीन झाडं होती. फणस फोडायचा, गरे सोडवायचे, आठळ्या बाजूला काढायच्या, गरे चाळणीवर घासून रस गाळायचा, ताटांना खोबरेलाचा हात फिरवून त्यावर रस पसरायचा आणि अंगणात उन्हात ठेवायचा. तीनचार दिवस ताटं फिरवायची, राखायची, कावळे हाकायचे. मावशींची पोळी पातळ असायची, प्रकाशात धरली तर पलीकडचं दिसायचं. ती तोंडात ठेवली की मी कचेरी विसरायचो.

सुरेशला आईनं डोंबिवलीला येऊन राहायला हवं होतं. एकटी बाई, पावसात कौलं कोण बघणार, पडलीबिडली तर काय, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. पण मावशींना ते घर, ती झाडं आणि ती विहीर सोडायची नव्हती. डोंबिवलीच्या खोलीला गॅलरीसुद्धा नव्हती. "तिथे मी दिवसभर करू काय? पंखा बघत बसू?" असं त्या मला विचारायच्या, जसं काही मीच त्यांना नेत होतो. शेवटी मायलेकांत ठरलं. गिरगावातल्या एका व्यापाऱ्यानं मावशींची पोळी कोणाकडे तरी खाल्ली होती आणि एक डबा नमुना पाठवा, पसंत पडला तर दर वर्षीचा सगळा माल उचलतो, असा निरोप दिला होता. सुरेश म्हणाला, त्यानं माल घेतला तर तू इथेच राहा, तुझं तू कमावतेस, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही घेतला तर वैशाख संपताच माझ्याबरोबर चलायचं. मावशींनी होकार दिला. त्यांना स्वतःच्या हाताची खात्री होती आणि मलाही होती.

मावशींनी नमुन्याची पोळी घातली त्या आठवड्यात मी चुलतबहिणीच्या लग्नाला गावी गेलो होतो. नसतो गेलो तर, असं मी पुष्कळदा मनात म्हणून बघितलंय. पुढचं मावशींनीच मला सांगितलं.

त्या दिवशी आभाळ भरून यायला लागलं होतं. रस तयार, ताटं मांडलेली, आणि खोबरेलाची बाटली तळाला गेलेली. त्यात मावशींना धास्ती की ऊन गेलं तर पोळी ताटाला धरून बसेल आणि सोडवताना फाटेल. नाना गडग्यावरून बघत होते. ते अलीकडे आले.

"वयनी, तुमी गप ऱ्हावा. मी करताय."

"अहो नाना, खायची वस्तू आहे ती!"

"तेलच हाय ह्यां. वाळलां की उडून जातां. माला शिकवताय काय?"

आणि त्यांनी एकेका ताटावर फवारा मारला. मावशी घाईत होत्या, ढग वर होते, आणि चाळीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस छातीठोकपणे सांगत होता. मावशींनी रस पसरला. ऊन मिळालं. चौथ्या दिवशी पोळी ताटावरून अशी अलगद सुटली की मावशींनी अशी कधी सुटलेली पाहिली नव्हती. एकही कडा फाटली नाही. नाना टाळ्या पिटत होते.

पण मावशी शहाणी बाई. त्यांच्या मनात किंतू राहिला. चार दिवस घरात, अंगणात, हातांना, पदराला फणसाचाच दरवळ, त्यामुळे आपल्या नाकाचा भरवसा त्यांना वाटेना. मी घरात नव्हतो. म्हणून डबा भरण्याआधी पोळीचा एक तुकडा घेऊन त्या गडग्याशी गेल्या आणि नानांना म्हणाल्या, "नाना, खरं सांगा. ह्याला वास येतोय का? येत असेल तर मी हा घाणा टाकते आणि दुसरा घालते. अजून दोन फणस आहेत झाडावर."

नानांनी तुकडा नाकाशी धरला. डोळे मिटले. दोनदा वास घेतला.

"फणसाचा येतोय," ते म्हणाले. "दुसरा कसला नाय. बिनधास्त धाडा."

मुंबईला जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर डबा गेला. आठ दिवसांनी त्याच माणसाच्या हाती परत आला. व्यापाऱ्यानं झाकण उघडलं आणि लगेच लावलं, असं तो म्हणाला. "मालाला यंत्राच्या तेलाचा वास मारतोय, गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकील," एवढाच निरोप होता. तोवर मी गावाहून आलो होतो. मी डब्याचं झाकण उघडलं. बंद डब्यात आठ दिवस कोंडलेला तो वास सरळ घशात गेला. मला वाटलं, आंधळ्यालासुद्धा कळलं असतं हे.

मी तसाच गडग्याशी गेलो. नानांनी डबा हातातही घेतला नाही. "त्या शेटजीच्या दुकानात रॉकेल विकत असतील," म्हणाले, आणि पाठ फिरवून आत गेले. मावशींना माझं भांडण नको होतं. त्या म्हणाल्या, "त्यांना कशाला बोलतोस? विचारायला मीच गेले होते." झाडावरचे राहिलेले दोन फणस तोपर्यंत पिकून खाली पडले होते.

सुरेश आला. ठरल्याप्रमाणे मावशी निघाल्या. मी रिक्षा आणली. ट्रंक ओटीवर ठेवली, आणि तेवढ्यात नाना गडगा ओलांडून आले, वाकले, ट्रंकेच्या कडीला नळी लावली आणि फुस्स. "कडी कुरकुरत व्हती, वयनी." तिथे सुरेश नसता तर मी तो फवाऱ्याचा डबा त्यांच्या हातातून घेऊन विहिरीत टाकला असता. मावशी मात्र त्यांना म्हणाल्या, "येते हं नाना. फणसांकडे बघा." रिक्षा वळेपर्यंत त्या झाडांकडे बघत होत्या.

मी ती खोली सोडली आणि रत्नागिरीतच दुसरीकडे राहायला गेलो. नाना रस्त्यात दिसले की मी बाजू बदलायचो. चार वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. मावशींची अधूनमधून पत्रं यायची. त्यांत पंख्याचा उल्लेख असायचा. चौथ्या वर्षी पौषात सुरेशचं पत्र आलं की आई गेली. पुढच्याच पत्रात त्यानं घर विकल्याचं कळवलं आणि किल्ली माझ्याकडे पाठवली. नवे मालक ताबा घेणार होते, त्याआधी आत काही राहिलंय का ते एकदा बघा, एवढंच त्यानं लिहिलं होतं.

एका रविवारी सकाळी गेलो. घरात फारसं काहीच नव्हतं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर मात्र परत आलेला तोच फणसपोळीचा डबा होता. अन्न टाकून देणं मावशींच्या हातून होत नसे, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवून दिला असणार. मी खाली काढला, झाकण उचकटलं. पोळी काळी पडली होती. वास चार वर्षांत वाढला होता.

मागे पावलं वाजली. दारात नाना उभे होते. फार म्हातारे झाले होते. खिसा तसाच एका बाजूला ओघळलेला.

"वयनी गेली म्हणतात," ते म्हणाले.

मला काय झालं कोण जाणे. चार वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. मी उघडा डबा घेऊन तसाच त्यांच्यासमोर गेलो आणि त्यांच्या नाकाखाली धरला.

"घ्या. घ्या वास! आणि आता सांगा, कसला येतोय?"

नानांनी मान मागे घेतली नाही. डोळे मिटले. दोनदा श्वास घेतला, मग तिसऱ्यांदा, लांब. मी वाट बघत होतो. ते डब्यात बघत राहिले.

"माला वास येत नाय रे," ते म्हणाले. "कसलाच. पोफळीस व्हतो तवा मोठा ताप आला व्हता, तवापासनां."

मला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं.

"मग त्या दिवशी? मावशी विचारायला आल्या तेव्हा? येत नाही म्हणून सांगायचं होतंत!"

"काय सांगू?" ते म्हणाले. "फिटर मानूस मी. सगळी इचारायला माज्याकडं येतात. एकदा नाय म्हटलां की परत कोन इचारील?"

एवढंच. दुसऱ्या घाण्यासाठी झाडावर दोन फणस होते. एक शब्द खरा बोलले असते तर ती बाई आपल्या घरात, आपल्या विहिरीशेजारी मेली असती. मी हे त्यांना तोंडावर म्हणालो, जसंच्या तसं. त्यांनी ऐकून घेतलं. त्या माणसानं कोणाचं ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, पण त्यामुळे माझा राग कमी झाला नाही, आणि झाला असं खोटं मी इथे लिहिणार नाही.

मी दाराला कुलूप घातलं आणि डबा उकिरड्यावर टाकायला काखेत घेतला. नाना ओटीच्या पायरीवर बसले होते. कुलूप लावताना कडी करकरली. नेहमीप्रमाणे मान तिरकी करून ऐकतील असं मला वाटलं, पण ते माझ्या काखेतल्या डब्याकडे बघत होते.

"कसा येतोय रे वास?" त्यांनी विचारलं. "तू सांग तरी."

मी सांगितलं नाही. उतारानं खाली चालू लागलो.